कणेकर, क्लोस्टरमन आणि तात्यांच्या कॅसेटी

गेल्या शनिवारी गावाकडे जाऊन आलो. गाव म्हणजे निरवांगी, तालुका इंदापूर. पुण्यात हे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे बारामतीजवळ का?" हो बाबा, बारामतीजवळ. वालचंदनगरच्या पुढे, नीरेच्या काठावर. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो, माळशिरस तालुका.

जायचं कारण म्हणजे काकीचा फोन. "तुझ्या तात्यांची खोकी भंगारवाल्याला घालतीय. तुला काय पायजे आसंल तर यिऊन बघ, मागनं बोलू नगंस."

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. शेती सांभाळून पंचवीसेक वर्षं त्यांनी गावात स्पीकरचा धंदा केला. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, टेपरेकॉर्डर, वायरींचं भेंडोळं आणि लाइट गेली तर जनरेटर. लग्न, बारसं, जत्रा, गणपती, १४ एप्रिल, सगळीकडे तात्या. आज पोरं ज्याला प्लेलिस्ट म्हणतात, ती आमच्या गावाची प्लेलिस्ट एकटे तात्या ठरवायचे. मग 'डॉल्बी' आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर आले आणि तात्यांचे दोन कर्णे माळ्यावर गेले. राहिली ती पत्र्याच्या दोन ट्रंका भरून कॅसेटी.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात मी शिरीष कणेकरांचं 'गाये चला जा' पुन्हा वाचायला काढलं होतं. ते पुस्तक आणि त्या ट्रंका यांच्यामध्ये मी गेली वीस-पंचवीस वर्षं अडकलोय, हे मला शनिवारी माळ्यावर चढल्यावर कळलं. तर आजचा विषय तोच.

ज्यांनी कणेकर वाचले नाहीत (असे लोक आता निघायला लागलेत, काय करणार!) त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ६ जून १९४३, पुण्यातला. आयुष्य गेलं मुंबईत. इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रकारी केली आणि मराठीत सिनेमा, सिनेसंगीत आणि क्रिकेट यांवर स्तंभ लिहिले, पुस्तकं लिहिली. 'यादों की बारात', 'गाये चला जा', 'लगाव बत्ती', 'शिरीषासन'. शिवाय 'माझी फिल्लमबाजी' हा एकपात्री कार्यक्रम. एक माणूस, एक माईक आणि दोन-अडीच तास हसणारं थिएटर. आज त्याला स्टँड-अप म्हणतात आणि तिकिटाला हजार रुपये घेतात. २५ जुलै २०२३ रोजी कणेकर गेले.

कणेकरांचं मोठेपण माझ्या मते विनोदात नाही. ते आहे निर्लज्ज प्रेमात. सिनेमाचं गाणं ही प्रेम करायची, भांडायची, त्यासाठी रात्र जागवायची गोष्ट आहे, हे त्यांनी मराठीत कुणाची परवानगी न घेता लिहिलं. आज यात काही विशेष वाटत नाही. पण जरा मागे जाऊन बघा. १९५२ साली बी. व्ही. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हेही जन्माने पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय करावं? लोकांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला देशभर ऐकली जाऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारनेच विविध भारती सुरू केली. म्हणजे श्रोत्यांनी नुसता कान फिरवून सरकारला वळवलं!

कणेकरांची पिढी ही त्या सुई फिरवणाऱ्या पोरांची पिढी. ज्या गाण्यांना घरातले मोठे 'थिल्लर' म्हणायचे, त्याच गाण्यांना त्यांनी पुस्तकात मानाने बसवलं. हे काम फार मोठं आहे आणि मी त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

२००० साली मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. हॉस्टेलवर जाताना तात्यांनी माझ्या बॅगेत पाच-सहा कॅसेटी टाकल्या होत्या. "तितं करमणार न्हाई सुरवातीला," म्हणाले. त्यात आनंद शिंदे होते, प्रल्हाद शिंदे होते आणि अल्ताफ राजा होता. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या एकाने माझी बॅग हुडकली, अल्ताफ राजा वर काढला आणि अख्ख्या मजल्याला दाखवत फिरला. हसून हसून पोरं भिंतीला टेकली. आणि मी काय म्हणालो माहितीये? "अरे, माझी नाही ती. गावाकडच्या चुलत्यांची चुकून आली."

चुलत्यांची. चुकून.

सुट्टीत त्या कॅसेटी मी घरी नेऊन ठेवल्या. तात्यांनी विचारलं, "ऐकल्या का?" मी म्हटलं, "हो, लई."

पण हॉस्टेलवर आता ऐकायचं काय? पिंक फ्लॉइड माझ्या डोक्यावरून जात होतं. अशा वेळी अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मला 'गाये चला जा' सापडलं. दोन रात्रींत संपवलं आणि मला हत्यारच मिळालं. सज्जाद हुसेन हे नाव मला तेव्हा कळलं. सी. रामचंद्र आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, हे कळलं. 'पाकिजा' १९७२ साली पडद्यावर येण्याआधीच तिचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले होते, हे कळलं. मी ही माहिती पाठ केली आणि मेसमध्ये एकेक करून सोडायला लागलो. सहा महिन्यांत मी मजल्यावरचा 'दर्दी' झालो. जुन्या गाण्यांचं नाव निघालं की पोरं मला विचारायची.

खोटं कशाला बोलू, पुढे ते प्रेम खरं झालं. आजही रात्री उशिरा काम करताना तलत लागतो. पण त्या प्रेमात मी शिरलो तो भीतीच्या दाराने. कपडे बदलावेत तशी मी आवड बदलली होती.

यात कणेकरांचा काही दोष नाही. त्यांनी आपल्या लहानपणाचं लिहिलं. त्यांचा जीव त्या जुन्या काळात होता, पुढच्या संगीतावर त्यांचं तेवढं मन नव्हतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. चूक माझी होती. त्यांनी जे प्रेम म्हणून लिहिलं ते मी सर्टिफिकेट म्हणून वापरलं.

हे मला उमगलं ते पुढे सात-आठ वर्षांनी, तेही हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये. ऑनसाइटहून आलेल्या एका मित्राने मला एक पुस्तक दिलं होतं, चक क्लोस्टरमन या अमेरिकन लेखकाचं 'फार्गो रॉक सिटी', २००१ सालचं. हा गृहस्थ ५ जून १९७२ चा. म्हणजे कणेकरांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा, एकोणतीस वर्षांनी धाकटा. वाढला कुठे? नॉर्थ डाकोटा राज्यात, विंडमिअर नावाच्या जेमतेम पाचशे वस्तीच्या गावाजवळ, शेतावर! १९८३ साली त्याचा मोठा भाऊ सैन्यातून सुट्टीवर घरी आला आणि येताना 'मॉट्ली क्रू' या बँडची कॅसेट घेऊन आला. अकरा वर्षांच्या पोराने ती लावली आणि तो कामातून गेला.

हे संगीत म्हणजे ग्लॅम मेटल. लांब फुलवलेले केस, ओठाला लाली, चामड्याच्या विजारी आणि कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी. मोठ्या शहरांतले बरेच समीक्षक याच्याकडे नाक मुरडून बघायचे. मग १९९१ साली 'निर्वाणा' या बँडची लाट आली (निरवांगीशी काही संबंध नाही!) आणि ग्लॅम मेटल हा एक विनोद होऊन बसला. ते ऐकत होतो असं सांगायची पोरांना लाज वाटायला लागली. क्लोस्टरमनने नेमकं त्या लाजेवर पुस्तक लिहिलं. तो असं म्हणतच नाही की हे फार थोर संगीत आहे. तो म्हणतो, आमच्यासारख्या लाखो गावाकडच्या पोरांचं लहानपण यात गेलंय, ते विनोद म्हणून कसं काय सोडून देता?

बस वाकडच्या ट्रॅफिकमध्ये उभी होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तात्यांची ट्रंक आली.

आता मुद्द्यावर येतो. मराठीत गाण्यांवर लिहिणारे भरपूर आहेत आणि चांगलेही आहेत. पण बहुतेक लिखाणाचा मूळ प्रश्न एकच असतो, चांगलं गाणं कोणतं? कणेकरांनी 'चांगल्या'च्या कुंपणाचा दरवाजा उघडून सिनेसंगीत आत घेतलं, पण कुंपण राहिलंच. मला वाटतं आता दुसरा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. गाणं वाजलं कुठे, वाजवलं कुणी आणि ऐकणाऱ्याचं त्याने काय केलं?

कारण कॅसेटचा काळ, म्हणजे साधारण १९८० ते २००५, मराठीत दोन खुर्च्यांच्या मधे पडलाय. त्याला लोककला म्हणायला अभ्यासक तयार नाहीत, कारण तो प्लास्टिकचा. त्याला कला म्हणायला रसिक तयार नाहीत, कारण तो गावठी. जात्यावरच्या ओव्यांचं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांच्या ओव्या गोळा करवल्या. लाखाहून जास्त ओव्या आज जतन झाल्यात. केवढं मोलाचं काम! पण त्याच बायकांच्या पोरांनी एस्टी स्टँडवरून आणलेल्या कॅसेटींचं काय? उत्तरेतल्या कॅसेट संस्कृतीवर पीटर मॅन्युएल या अमेरिकन प्राध्यापकाने १९९३ सालीच जाडजूड पुस्तक लिहून ठेवलंय. स्वस्त कॅसेट आली, बड्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली आणि गल्लीबोळातला गायक बाजारात आला, हे त्यातलं सूत्र. आपल्याकडेही अगदी हेच झालं. इंदापूरच्या नीरा खोऱ्याचं असं पुस्तक मी अजून वाट बघतोय.

आणि यात नुसता शहर-खेडं एवढाच हिशेब नाही, जातीचाही आहे. आपण नीट बोलू या. प्रल्हाद शिंदेंचा आवाज पहाटे विठ्ठलासाठी लागायचा आणि तोच आवाज १४ एप्रिलला भीमगीतांत लागायचा, कव्वालीतही लागायचा. हजारो गाणी लिहिणारे वामनदादा कर्डक मे २००४ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात, जून २००४ मध्ये, प्रल्हाद शिंदे गेले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. सज्जादची पुण्यतिथी मला पाठ होती. ही दोन माणसं गेल्याचं मला तात्यांनी फोनवर सांगितलं, आणि मी "हं" म्हणून विषय बदलला. 'चांगलं गाणं कोणतं' हा प्रश्न दिसतो तितका साधा नसतो हो. तो ठरवायला पंगतीत कोण कोण बसलं होतं, हेही बघावं लागतं.

बरं, हे कुंपण तरी खरं आहे का? दादा कोंडकेंचा 'पांडू हवालदार' (१९७५) ज्या रामलक्ष्मण जोडीने केला, त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. राम लवकर वारले, पण पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही. याच नावाने त्यांनी १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया' केला आणि १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'. दोन्हींत लता मंगेशकर गायल्या. म्हणजे ज्या हातांनी दादांच्या सिनेमाची 'गावठी' गाणी बांधली, त्याच हातांनी सदाशिव पेठेतल्या लग्नांतली गाणी बांधली. लक्ष्मण २०२१ मध्ये गेले. किती जणांना हे माहीत होतं? मलाही उशिराच कळलं.

आता कुणी म्हणेल, मग काय सगळंच ग्रेट का? अजिबात नाही. तात्यांच्या ट्रंकेत अशाही कॅसेटी निघाल्या की त्या मी काकीसमोर हातात धरू शकलो नाही. बाईच्या अंगावर घसरणारी, द्वयर्थी, नुसती ओंगळ. मी तात्यांना म्हटलं, "ह्या पण लावायचा?" तात्या म्हणाले, "वरातीत मागणी आसायची. घरापुढं न्हाई लावल्या कदी."

काकी चहा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "आमाला कुनी इचारलं व्हतं का, कंचं गानं लावू म्हणून? पंचवीस वर्सं कान आमचंच फुटलं."

तात्या गप्प. मीही गप्प. गावाची प्लेलिस्ट तात्या ठरवायचे, असं मी वर मोठ्या कौतुकाने लिहिलंय. अर्ध्या गावाला त्यात मतच नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. कुणी हे पुस्तक लिहिलं तर त्यात काकीचं हे वाक्य आलंच पाहिजे. आतून लिहायचं म्हणजे लाड करत लिहायचं नाही. आपल्याच घरात कोण कान दाबून बसलं होतं, तेही लिहायचं.

ट्रंकेच्या तळाशी मला खरा ऐवज मिळाला. तात्यांची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, चोपड्यासारखी. प्रत्येक सुपारीची नोंद. तारीख, घर, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे (या दोन आकड्यांत कायम फरक!), आणि समोर गाण्यांचा क्रम. पहाटे भक्तिगीतं. हळदीला एक बाजू. जेवणाच्या पंगती चालू असताना सिनेमाची गाणी, 'सावकाश' असा शेरा. मुलगी निघताना कोणती कॅसेट लावायची त्याचा नंबर, आणि एका पानावर त्या नंबरापुढे लिहिलंय, 'लावू नको म्हणाले, बाप लई रडतो'.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. लॉग वाचणं हा माझा पोटाचा धंदा. पण असा लॉग मी आयुष्यात पाहिला नव्हता. १९९० च्या पानांवर 'आशिकी' सुरू होतो आणि पुढच्या दोन वर्षांत तो पहाटेची भक्तिगीतं सोडून सगळीकडे पसरतो. मग हळूहळू कोंडके कमी होतात. पुढे एका पानावर पहिल्यांदा अल्ताफ राजा, त्याच्यापुढे '११ वेळा'. आणि २००० नंतर दोन सुपाऱ्यांमधलं अंतर वाढत जातं. महिना, तीन महिने, वर्ष. शेवटच्या पानावर एक बारसं. पैशांच्या खान्यात काहीच नाही.

क्लोस्टरमनच्या पुस्तकात एक खेळ आहे. आवडत्या अल्बमांची यादी देऊन प्रत्येकापुढे तो एक आकडा टाकतो. ही कॅसेट आयुष्यात पुन्हा कधीही ऐकायची नाही, याचे किती पैसे घ्याल? जितकं प्रेम जास्त तितकी किंमत जास्त. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात 'चांगलं-वाईट' येतच नाही.

जेवण झाल्यावर मी तात्यांबरोबर तो खेळ खेळलो. आधी त्यांना तो पटेना. "ऐकायची न्हाई याचं पैसं? आन् देनार कोण?"

"समजा हो, तात्या."

मग रंगले. नदीम-श्रवण शंभर रुपये. एक बेंजो पार्टीची कॅसेट वीस रुपये, "नायतर तशीच घिऊन जा." दादा कोंडके दोन हजारांखाली सोडेनात. प्रल्हाद शिंदेंची कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली, रीळ बोटाने घट्ट केलं आणि म्हणाले, "ही लावल्याबिगर गाव जागंच व्हत न्हवतं. हिचं काय सांगू?" आणि बाजूला ठेवून दिली.

मग मी ट्रंकेतून अल्ताफ राजा काढला. तीच कॅसेट. कव्हरवर हॉस्टेलच्या खोलीचा नंबर अजून होता, माझ्याच अक्षरात. तात्यांनी तो वाचला. वीस-पंचवीस वर्षं ती त्यांच्याकडे होती, त्यामुळे आधी वाचला नसेल असं नाही.

"हिचं तू सांग," म्हणाले.

मला आकडा सांगता आला नाही. मी एवढंच म्हटलं, "तात्या, मी ही ऐकली नव्हती. तुम्हाला खोटं बोललो होतो."

"ठावं हाय की," तात्या म्हणाले. "गुंडाळली व्हती तशीच परत आली. शेवटाला थांबवून दिली व्हती मी, उलट फिरवल्याबिगर वाजलीच नसती." आणि हसून पान लावायला घेतलं.

असो. भंगारवाला रविवारी सकाळी आला होता, त्याला वायरी आणि एक फुटका कर्णा देऊन वाटेला लावला. दोन्ही ट्रंका आता माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहेत आणि बायकोने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. वाजवायला टेपरेकॉर्डर नाही, तो शोधतोय. तोवर रोज रात्री वहीचं एकेक पान स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतोय. शेवटी एक जादा रकाना केलाय, 'काकीचं मत'. तो भरायला पुढच्या शनिवारी पुन्हा गावाला जाणार आहे.

तुमच्या घरी माळ्यावर एखादी ट्रंक असेल तर भंगारवाल्याच्या आधी चढून बघा. आणि तुम्ही कधी कुठल्या गाण्याला 'माझं नाही ते' म्हणाला असाल, तर ज्याचं आहे तो माणूस असेतोवर त्याला सांगून टाका. बहुतेक त्याला ठाऊक असतं.